तीन तयार उत्तरं

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर पूर्वी संदर्भग्रंथ धूळ खात असत. आता तिथे ज्येष्ठ नागरिक बसत. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे : ‘स्मार्टफोन - पहिली ओळख’. ओळख म्हणणं तसं चुकीचंच. बहुतेकांचा त्या यंत्राबरोबर वर्षा-दोन वर्षांचा संसार झालेला होता, फक्त एकमेकांशी बोलणं नव्हतं.

शिकवणारी मुलगी वर्गातल्या कुणाचीही नात शोभली असती. सगळे तिला मॅडम म्हणत आणि ती सगळ्यांना काका-काकू म्हणे, त्यामुळे कुणाचाच मान कमी होत नव्हता. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “तुम्हाला फोन कशासाठी शिकायचाय?”

“मुलगा म्हणतो शिका,” निवृत्त दंतवैद्य म्हणाले. “म्हणजे मी त्याला विचारायचं थांबेन.”

“मला फक्त तो गप्प कसा बसतो ते सांग,” पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या. “नवऱ्याच्या बाबतीत जमलं नाही, निदान याच्या तरी.”

टायपिस्टकाका उभे राहिले. जन्मभर वकिलाच्या कचेरीत दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप केलेला माणूस. बोलताना उभं राहायची सवय गेली नव्हती. म्हणाले, “मला व्हिडिओ कॉल शिकायचाय. मुलीचं तोंड तिच्या आईला दाखवायचंय. जरा लवकर शिकवलंत तर बरं.”

“होईल काका,” मॅडम हसून म्हणाल्या. “व्हिडिओ कॉल शेवटच्या आठवड्यात आहे.”

काका खाली बसले. अभ्यासक्रमापुढे कुणाचं काय चालणार?

घरी काकू अंथरुणाला खिळून होत्या. हृदय थकलं होतं. डॉक्टर येऊन तपासून गेले तेव्हा दारात चपला घालता घालता म्हणाले, “जवळच्या माणसांना एकदा भेटून जाऊ द्या.” आणि त्या दिवशी त्यांनी फी घेतली नाही. काय समजायचं ते दोघांना तिथेच समजलं.

जवळचं माणूस एकच होतं, आणि ते विमानाच्या अंतरावर होतं. मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. तिला दोन मुलं होती, नवरा होता, आणि एक नोकरी होती, जिचं नाव शेजाऱ्यांना सांगता आलं तरी काम काय ते सांगता येत नसे. आईबापाशी तिचं भांडण अजिबात नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता येतं. इथे मिटवण्यासारखं काहीच नव्हतं. फोन महिन्यावरून सणासुदीवर गेले होते आणि सणासुदीवरून मेसेजवर.

मेसेजला मात्र ठकी न चुकता उत्तर देई. काका काचेवरच्या त्या बिनआवाजाच्या अक्षरांवर एका बोटाने तासभर झगडत आणि ‘चि. ठकीस, अनेक आशीर्वाद’ इथपासून सुरू करून व्यवस्थित पूर्णविराम देऊन मेसेज पाठवत. चहाचं आधण उकळायच्या आत उत्तर येई.

मोरीचा पाइप दुरुस्त झाला असं कळवलं, तर ‘छान!’

शेजारचे मास्तर जिन्यावरून पडले असं कळवलं, तर ‘काळजी घ्या.’

काकूंना ही उत्तरं वाचून दाखवावी लागत. त्यावर त्या दिवसभर विचार करत. “‘छान’पुढे उद्गारचिन्ह आहे ना? म्हणजे मनापासून लिहिलंय. नुसतं लिहायचं तर टिंबानेही भागलं असतं.” किंवा, “‘घ्या’ म्हणाली? मला तर अगं-तुगं करते. म्हणजे तुम्हाला धरून म्हणाली हो. दोघांची काळजी आहे तिला.” पुराणिकांनी एका श्लोकावर तीन दिवस कथा लावावी, तशी काकूंची एका शब्दावर चाले.

डॉक्टर फी न घेता गेले त्या संध्याकाळी काकांनी आशीर्वाद वगैरे काढून टाकले आणि एवढंच लिहिलं : ‘आईची तब्येत बरी नाही. डॉक्टर म्हणतात, येऊन जा.’

उत्तर आलं, ‘नक्की!’

काकूंनी ते उत्तर तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, “आता फक्त तारीख विचारा. आणि ती येईपर्यंत मला तिचं तोंड बघायचंय. हल्ली फोनात दिसतं म्हणतात. ते शिकून या.”

काकांनी तारीख विचारली. उत्तर आलं, ‘लवकरच!’ त्यांनी फोन लावला. चार-सहा वेळा वाजून तो कापला गेला आणि लगेच मेसेज आला : ‘आत्ता बोलता येणार नाही. नंतर फोन करेन.’

“बघा,” काकू म्हणाल्या, “कामात असूनसुद्धा केवढं मोठं वाक्य लिहिलं पोरीने.”

अशा रीतीने काका वर्गात दाखल झाले.

पहिल्या आठवड्यात फोन चालू आणि बंद करणं झालं. दंतवैद्यांनी त्यात दोनदा फोन बंद करून एकदा चालू केला. दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅप म्हणजे काय ते झालं. “अ‍ॅप म्हणजे एकेक दुकान,” मॅडम म्हणाल्या, “ज्या कामासाठी हवं त्या दुकानात शिरायचं.” पोस्टातल्या बाईंच्या फोनात वीस-बावीस दुकानं निघाली, त्यांतल्या चार ठिकाणी नुसता पत्त्यांचा डाव मांडलेला होता. “हे मी नाही केलं,” बाई म्हणाल्या, आणि लगेच, “पुसू नकोस गं, एक डाव अर्धा आहे.”

तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी भिंतीवर एक तक्ता दाखवला. लोक हल्ली फोन कसा वापरतात त्याचे रंगीत पट्टे होते. बघण्याचा पट्टा भिंतीच्या टोकाला गेला होता. खरेदीचा, खेळाचा, मेसेजचा, सगळे ऐसपैस पसरले होते. सगळ्यांत खाली, नखाएवढा, बोलण्याचा पट्टा होता.

“तरीच,” दंतवैद्य म्हणाले, “माझ्याकडे कुणी यायचं थांबलं. तोंड वापरलं तर दात झिजणार ना!”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, “मेसेजसुद्धा आता कुणी फारसे लिहीत नाही. फोनच लिहितो. आज तेच शिकूया, तुम्हाला टाइप करायचा त्रास होतो ना? काका, तुम्ही या दातांच्या डॉक्टरांना काहीतरी पाठवा.”

हे दुसऱ्या एका काकांना उद्देशून होतं. त्या काकांनी दंतवैद्यांना लिहिलं, ‘माझी कवळी हरवली.’ दंतवैद्यांच्या फोनवर मेसेज उमटला आणि त्याच्याखाली तीन गोल चौकटी आल्या. एकीत ‘छान!’, एकीत ‘अरेरे’, एकीत ‘नक्की!’

“तुम्हाला फक्त एकावर बोट ठेवायचंय,” मॅडम म्हणाल्या. “मेसेज वाचून फोन स्वतःच तीन उत्तरं सुचवतो. मेसेज उघडावाही लागत नाही. गाडी चालवताना, कामात, कुठेही. एक टिचकी, की उत्तर गेलं.”

“कवळी हरवली तर ‘छान’?” दंतवैद्य म्हणाले. “धंद्याच्या दृष्टीने बरोबर आहे म्हणा.”

“त्याला सगळंच कळतं असं नाही, काका. तोही अजून शिकतोय.”

“म्हणजे आमच्याच वर्गात घाला त्याला,” पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

टायपिस्टकाका हसले नव्हते. ते उभे राहिले होते. “मॅडम, हे सगळ्यांच्या फोनात असतं?”

“सगळ्यांच्या. तरुण मंडळी तर हेच वापरतात. आणि फोन कापतानाही तशीच सोय असते. ‘आत्ता बोलता येणार नाही, नंतर फोन करेन’, हे वाक्य तयारच असतं. पुढच्या तासाला दाखवते.”

काका पोस्टातल्या बाईंकडे वळून म्हणाले, “बाई, मला एक मेसेज पाठवाल? मी सांगतो तसा.”

“सांगा.”

“लिहा. आईची तब्येत बरी नाही. पूर्णविराम. डॉक्टर म्हणतात, स्वल्पविराम, येऊन जा.”

बाईंनी चष्मा सावरत लिहिलं. अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं, त्यांनी काकांकडे बघितलं, आणि मग पुरं केलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना तारा पोहोचवल्या होत्या.

काकांच्या हातातला फोन थरथरला. मेसेज आला. खाली तीन चौकटी आल्या. ‘अरेरे.’ ‘काळजी घ्या.’ ‘नक्की!’

उद्गारचिन्हासकट.

दंतवैद्य खिडकीबाहेर बघत राहिले. मॅडमनी तक्ता बंद केला, तो चुकून पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. तास संपल्यावर त्या काकांच्या बाकाजवळ आल्या आणि म्हणाल्या, “व्हिडिओ कॉल आत्ताच शिकवते, काका. फार सोपा आहे.” खरंच सोपा होता. त्यासाठी तीन आठवडे का थांबवलं, हे काकांनी विचारलं नाही, आणि हे विचारलं नाही म्हणून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका घरी पोचले तर काकू उशीला टेकून बसून तयार होत्या. कामाला येणाऱ्या बाईकडून त्यांनी वेणी घालून घेतली होती. वेणी म्हणजे चार केसांची दोरी.

“आलं का शिकून?”

“आलं.”

“मग लावा. आत्ता तिच्याकडे जेवणाची सुट्टी असेल.”

काकांनी फोन काकूंच्या तोंडासमोर धरला आणि कॅमेऱ्याच्या खुणेवर बोट ठेवलं. फोन वाजू लागला. समोरच्या माणसाने उचलेपर्यंत या यंत्रात आपलंच तोंड दिसतं, हे मॅडमनी सांगितलं होतं. ते काकूंना सांगायचं राहून गेलं.

“ही कोण हो?” काकूंनी विचारलं. मग त्यांचा हात गालाकडे गेला, तसा फोनातल्या बाईचाही गेला. “अगंबाई. एवढी वाळले मी?”

फोन कापला गेला. मेसेज आला. काकांना तो वाचायची गरज नव्हती.

“काय लिहिलंय?”

काकांनी फोन आपल्याकडे वळवला, चष्मा नाकावर ओढला आणि वाचायला सुरुवात केली.

“आई, आत्ता बोलता येत नाही, पण तुझी फार आठवण येते. इथे थंडी खूप आहे. धाकट्याचा दात पडला. तो म्हणतो, आजीला दाखवायला ठेवूया. मी रजेचा अर्ज केलाय. रजा मिळाली की शनिवारचं विमान बघते. तू औषध चुकवू नकोस. बाबांवर रागावू नकोस. तुझी ठकी.”

जन्मभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरून टाइप केलेल्या माणसाने पहिल्यांदाच स्वतःच्या मनाचा मजकूर सांगितला, आणि तो अगदी अस्खलित आला.

काकू डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, “पुन्हा वाचा.”

काकांनी पुन्हा चष्मा ओढला. “आई, आत्ता बोलता येत नाही, पण तुझी आठवण येते. इथे फार पाऊस आहे. धाकट्याचा दात पडला, आजीला दाखवायचा म्हणतो. रजेचा अर्ज केलाय. मिळाली की रविवारचं विमान...”

ते थांबले.

“मघाशी थंडी होती,” काकू डोळे न उघडता म्हणाल्या. “आणि शनिवार होता.”

काकांच्या हातातला फोन आपोआप अंधारला. त्यावर आता त्यांचंच तोंड दिसत होतं, आणि तेही बघवत नव्हतं.

“काय कळलंय तुम्हाला? कधी?”

“आजच. वर्गात.” मग त्यांनी तीन चौकटींचं सगळं सांगितलं. सांगताना शब्द नीट लागत नव्हते. “तिला वाईट म्हणू नकोस,” शेवटी म्हणाले. “सगळेच करतात असं. तक्ता दाखवला आम्हाला.”

“मी कशाला वाईट म्हणू?” काकूंना दम लागला होता. त्या थांबल्या, श्वास गोळा केला. “तिने वाचलंच नसेल हो. वाचलं असतं तर आली असती.”

“हो. आली असती.”

“उद्या कळलं, की आईने बोलावलं होतं आणि आपण ‘नक्की’ म्हणून विसरलो, तर जन्मभर खात राहील तिला ते. तुम्ही लिहून घ्या. मी सांगते.”

“पुन्हा फोन लावून बघतो ना. उद्या सकाळी. नाहीतर जावयांना...”

“लिहून घ्या म्हणते ना.”

काकांनी फोन उजळवला. काकू एकेक शब्द तोलून सांगत होत्या आणि काका एका बोटाने टिपत होते, मान खाली घालून, कचेरीत पक्षकारापुढे बसत तसे.

“ठके, मला आता बरं वाटतंय. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. तू धावपळ करून येऊ नकोस. मुलांच्या सुट्टीत सावकाश या सगळे.”

“हे खोटं आहे,” काका म्हणाले.

“मघाशी तुम्ही काय वाचत होतात?”

काकांनी शेवटचा पूर्णविराम दिला. बोट तसंच काचेवर धरून ठेवलं. काकूंनी हात लांब केला, त्यांच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं. मेसेज गेला.

उत्तर लगेच आलं. काकांनी ते वाचलं. आई आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच ठकीचं उत्तर तिला लिहिलेल्या मजकुराला अगदी बरोबर लागू पडत होतं.

“काय म्हणाली?”

काकांनी यावेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं. “छान.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“बरं झालं,” काकू म्हणाल्या आणि उशीवर मान कलती केली. “सुटली बिचारी.”