कादंबरीतली आई

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी माणसानं नवोदित व्हावं, हे एसटीच्या डेपोत काही केल्या कुणाला पचेना. नवोदित कादंबरीकारांच्या स्पर्धेत निवडलेल्या दहा जणांत कुशावर्ताचं नाव आलं, तेव्हा कंट्रोलरपासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी चेष्टा करून घेतली. "बाई, रिटायर व्हायच्या वक्ताला उगवल्या का?" असं एक जण म्हणाला आणि बाकीचे फिदीफिदी हसले. हसू द्या. एसटीत चेष्टा झाली नाही तर समजावं, आपलं काहीतरी बिनसलंय. कुशावर्ताही हसली. म्हणजे ओठ हलवले. गेली अडीच वर्षं तिचं हसणं तेवढंच होतं, आणि रडणं तर तेवढंही नव्हतं.

ही कुशावर्ता पिशोर-संभाजीनगर गाडीवर कंडक्टर. घर पडेगावला. नवरा कडूबा वाळूजच्या एका कंपनीत फिटर, सरळ माणूस, अर्धी भाकरी जास्त वाढली तरी हात आडवा धरणारा. त्यांना एकच पोरगा होता, सत्यम. अडीच वर्षांमागं छावणीजवळ टेम्पोनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं आणि दवाखान्यात न्यायच्या आतच तो गेला.

त्या दिवशी ती ड्यूटीवर होती. गाडी कन्नडच्या स्टँडवर उभी असताना पुतण्याचा फोन आला. असल्या बातम्या हळूहळू द्यायच्या असतात, हे त्या पोराला कुठलं ठाऊक? त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. ड्रायव्हर होता हबीब, वर्षानुवर्षं ह्याच लाईनीवरचा. तिनं त्याला सांगितलं. त्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "बाई, तुम्ही माझ्यामागं बसा," तो म्हणाला. "तिकिटं नका काढू. जो होता सो मैं देख लेतूँ."

ती बसली नाही. मशीन गळ्यात अडकवलं, घंटी मारली आणि पहिल्या सीटपासून तिकिटं काढायला लागली. बायांना हाफ, म्हाताऱ्यांना फुकट, सुट्ट्या पैशांवरून एकाशी हुज्जत, सगळं रोजच्यासारखं. दौलताबादला सीताफळांच्या पाट्या चढल्या, तर त्यांचं लगेजचं तिकीटसुद्धा सोडलं नाही. संभाजीनगरच्या स्टँडवर उतरून तिनं पैशांचा भरणा केला, रिक्षा केली, आणि मग दवाखान्यात गेली.

का केलं तिनं असं? अहो, तिलाच ठाऊक नव्हतं. ड्यूटी म्हणजे देव, असली भानगड नव्हती. धीर बीर तर मुळीच नव्हता. हात चालत होता तोवर काहीतरी धरून होतं. हात थांबला असता तर पुढं काय झालं असतं, ते तिला बघायचं नव्हतं.

पण गाडीत पिशोरची दोघं-तिघं होती, आणि पिशोर हे तिचं सासर. सत्यमला गावी नेलं तर त्याच्या आधी ही गोष्ट गावात पोचलेली. आता आमच्याकडची रीत अशी, की मयताची आई रडली नाही तर तिला रडवायचं. रडू आत राहिलं की काळीज फाटतं म्हणतात. बायांनी तिला घेरलं. नणंद सारजाबाईनं सत्यमचा शर्ट तिच्या मांडीवर टाकला, पाठीत धपाटे घातले, "रड गं माय, रड, मोकळी हो," करत स्वतःच इतकी रडली की दोघींना तिला धरावं लागलं. कुशावर्तानं शर्टाची घडी घातली. झालं! "दगड हाय बया, दगड. पोराची खबर लागली तरी तिकिटं फाडीत आली." हे बोलणं पिशोरात अजून चालतं. लोकांना दुसऱ्याचं दुःखसुद्धा आपल्या मापाचं लागतं.

लोकांचं तिनं मनावर घेतलं नाही. कडूबाचं मात्र लागलं. तो भांडला नाही, आवाज चढवला नाही. एकदाच, जेवता जेवता ताटाकडं बघत त्यानं विचारलं, "तुला काईच वाटलं नाय का गं?" तिला सांगायचं होतं, अगदी ओठापर्यंत आलं होतं. तोंड उघडलं तर बाहेर पडलं, "दळण संपलंय." तो उठला, डबा घेऊन गिरणीवर गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं उरलं ते गॅस, लाईटबिल आणि दळण ह्यांच्यापुरतं. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तशी दोघं राहायला लागली.

मग ती लिहायला लागली. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, डेपोच्या विश्रांतीखोलीत, बाकीच्या बाया आडव्या झाल्या की. लहानपणी शाळेत तिचे निबंध वर्गात वाचून दाखवायचे, तेवढीच शिदोरी. तिच्या गोष्टीत एक कंडक्टर बाई होती आणि तिचा एक मुलगा होता, नाव शिवराज. शिवराज शिकला, नोकरीला लागला, नोकरी सोडून गावात दूध डेअरी टाकली, लग्न केलं, त्याला मुलगी झाली. लिहिताना तिला आनंद होत नव्हता आणि दुःखही होत नव्हतं. गाडी पुढं जावी तसा तो मुलगा पुढं जात होता, एवढंच. स्पर्धेची बातमी हबीबनंच मोबाईलवर पाठवली आणि "भेजो बाई, क्या जाता?" म्हणून मागंच लागला. तिनं पाठवून दिली.

निवडलेल्या दहा जणांना एकेक मार्गदर्शक मिळाला. महिनाभरात कादंबरी सुधारायची आणि मग निकाल. कुशावर्ताच्या वाट्याला आले तात्यासाहेब, समर्थनगरला राहणारे, नावाजलेले कादंबरीकार, केस पांढरे पण नजर कडक. तिनं दिलेलं सगळं त्यांनी मन लावून वाचलं होतं. ती घरी गेली, तेव्हा स्वतः उठून तिच्यासाठी चहा आणला.

"बाई, तुमची भाषा अस्सल आहे," ते म्हणाले. "पण हा तुमचा शिवराज! ह्याला काही होतच नाही हो. पडत नाही, चुकत नाही, कुणाला उलटून बोलत नाही. भिंतीवर लावलेल्या फोटोसारखा आहे. मला त्याची काळजीच वाटेना. एक सांगू? त्याला अर्ध्यावर मारा. कादंबरी उभी राहील."

भाजीत मीठ कमी आहे, इतक्या सहज ते बोलले. त्यांना काय ठाऊक? तिनं सांगितलंच नव्हतं.

"बरं," कुशावर्ता म्हणाली आणि चहा संपवला.

रिक्षात बसल्यावर तिच्या डोक्यात आलं, मारायचाच आहे तर जसा गेला तसाच जाऊ द्यावा. कन्नडचा स्टँड, फोन, मशीन, सीताफळांच्या पाट्या, सगळं आहे तसं लिहावं. तोंडानं जे जमलं नाही ते कागदावर जमेल. छापून येईल, कडूबा वाचील, आणि म्हणेल, असं झालं होय, मला कळलंच नव्हतं. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवंसं वाटलं. बक्षीस गेलं खड्ड्यात. कडूबानं एकदा तिच्याकडं बघून असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिनं लिहिलं. एक ओळ वाढवली नाही, एक ओळ चोरली नाही. चौथ्या दिवशी तात्यासाहेबांचा फोन आला.

"मृत्यू उत्तम जमलाय. अंगावर येतो. पण आई? अहो, कुठली आई असं करील? पोटचा पोरगा गेल्याचं कळलंय आणि ही सीताफळांचं लगेज फाडते? वाचक पुस्तक मिटून ठेवील. राक्षसीण करून ठेवलीत तिची."

"सर, असं व्हतं कधी कधी."

"आयुष्यात होत असेल. कादंबरीत पटलं पाहिजे."

"पण एखादीनं खरंच केलं असंल तर?"

"तर देव तिला क्षमा करो. आपण नको तिच्यावर लिहायला." मग आवाज मऊ करून म्हणाले, "गाडी थांबवा, बाई. तिला उतरवा. तिला रडू द्या हो, बिचारीला."

आता इथं माणसानं भांडावं की नाही? म्हणावं की नाही, की साहेब, ती राक्षसीण तुमच्याशी फोनवर बोलतेय? पण कुशावर्ता पुन्हा "बरं" म्हणाली. ह्या "बरं"नं तिचा आयुष्यभर घात केला, माझं ऐकाल तर. पिशोरच्या बाया म्हणाल्या होत्या ते आता शिकलेला, भला माणूस म्हणत होता. आणि तिच्या मनात आलं, कडूबाही शेवटी वाचकच. वाचक पुस्तक मिटून ठेवणार, तर तोही ठेवणारच.

तिनं ते प्रकरण फाडलं आणि दुसरं लिहिलं. दौलताबादजवळ गाडी थांबली. आई खाली उतरली, मातीत बसली, ऊर बडवून घेतला. "माझ्या राजा, मला टाकून कुठं गेलास रं," असा टाहो फोडला. ड्रायव्हर रडला, प्रवासी रडले. सगळं रडणं तिनं सारजाबाईकडून उसनं घेतलं, शब्दांसकट. लिहिताना तिला कसला त्रास झाला नाही. मध्येच उठून कुकर लावून आली.

"आता आई जिवंत झाली," तात्यासाहेब म्हणाले.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. समारंभाला कडूबा इस्त्रीचा शर्ट घालून आला. वाचलं त्यानं काहीच नव्हतं, पण बायकोचा सत्कार आहे म्हटल्यावर रजा टाकली. पिशोरहून सारजाबाई आली. हबीब ड्यूटी बदलून आला आणि मागच्या रांगेत बसला. सत्कार झाला, आणि मग नाटकात काम करणाऱ्या एका मुलीनं नेमकं तेच प्रकरण वाचायला घेतलं. काय वाचलं हो पोरीनं! टाहो आला तेव्हा अख्ख्या सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज. सारजाबाईनं तर पदरात तोंड घातलं. कडूबाचे खांदे हलत होते. कुशावर्ता स्टेजवर शालीत बसली होती, आणि तिला त्या मातीत बसलेल्या बाईचा हेवा वाटत होता.

कार्यक्रमानंतर बाहेर अंगणात चहा होता. कडूबा गर्दीतून आला आणि चारचौघांत त्यानं तिचा हात धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"कुशा," तो म्हणाला, "तू उतरली व्हतीस? दौलताबादला? मला तर लोक म्हणले..."

तिनं तोंड उघडलं. हीच वेळ होती. नाही उतरले, असं म्हणायचं आणि पुढचं सगळं सांगायचं. तेवढ्यात हबीब चहा घेऊन आला, आणि कडूबा त्याच्याकडं वळला.

"हबीबभाई, तुम्हीच व्हते ना गाडीवर? खरं सांगा. असंच झालं व्हतं?"

हबीबनं कुशावर्ताकडं बघितलं. कन्नडपासून संभाजीनगरपर्यंत त्यानं तिला आरशात बघितलं होतं. तिचा हात कसा चालत होता आणि तोंड कसं झालं होतं, हे जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. तिनं मान हलवली, नको म्हणून. त्याला वाटलं, बाई लाजतात.

"हौ दादा," तो म्हणाला. "ऐसाइच हुआ. बहुत रोये बाई. मेरे से गाडी नै चलरी थी."

"मंग लोक कसं म्हणले?"

"लोगां का क्या है, दादा. लोगां कुछ बी बोलते."

कडूबा भरल्या अंगणात हमसून हमसून रडला. "माफ कर मला," म्हणाला, "माफ कर गं, मी लई वंगाळ समजलो तुला." सारजाबाईनं तिला मिठी मारली. हबीब डोळे पुसत बाजूला झाला. त्याच्या तोंडावर, आपल्या हातून एक पुण्याचं काम झालं, असं समाधान होतं. त्याच्यावर रागवावं तरी कसं? तिला त्या दिवशी बघणारा एकुलता एक माणूस होता तो, आणि आता त्यानंही तिला बघितलं नव्हतं.

पडेगावला जाताना रिक्षात कडूबानं तिचा हात सोडला नाही. "मला सगळं सांग," म्हणाला. "पहिल्यापासून. मला कधी सांगितलंच नाय तू."

नवरा परत आला होता. ज्या बाईकडं आला होता, ती ही नव्हती.

"कन्नडच्या स्टँडवर फोन आला," कुशावर्ता म्हणाली. "मी तिथंच मटकन खाली बसले."

"मंग?"

"मंग मला रडू आलं," ती म्हणाली, आणि पुढचं सांगत राहिली.