अबोल्यातला चेंडू

मी चेंडू बोलतोय. मैदान मी कधी पाहिलेलं नाही. सांगलीहून कुंडलला शिकवायला येणाऱ्या प्रियदर्शनीबाईंनी जुन्या साड्यांच्या चिंध्या मोज्यात कोंबून मला शिवलं, ते बायकांना इंग्रजी बोलतं करण्यासाठी. कुणाचा नातू परदेशात, कुणाची सून बेंगळुरूची. फोनवर नुसतं हसून किती दिवस काढणार?

दुपारी बायका गोल करून बसायच्या. जिच्या हातात मी, तिनं इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि मला फेकायचं. झेलणारीनं उत्तर द्यायचं. एरवी एकीचं पुरं व्हायच्या आत दुसरी सुरू होते. माझ्यामुळे एकीनं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं घडू लागलं. मला त्याचा थोडा गर्वही होता.

त्या गोलात दोन सख्ख्या जावा होत्या, थोरली गुणमाला आणि धाकटी पद्मावती. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांच्यात अबोला पडला, त्याला बरीच वर्षं झाली. पर्युषण संपलं की बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळे एकमेकांची क्षमा मागतात. या दोघी अख्ख्या गावाची मागायच्या, एकमेकींना तेवढं वगळून. वर्गातही मी सगळ्यांच्या हाती फिरायचो, पण एकीकडून दुसरीकडे कधी गेलो नाही. फार वाईट वाटायचं.

बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एके दिवशी त्यांनी नेमकी या दोघींची जोडी लावली. गुणमाला हळूच म्हणाली, "बाई, आमी बोलत न्हाई."

पद्मावती जमिनीकडे बघत म्हणाली, "मराठीत बोलत न्हाई. इंग्रजीत कुठं भांडान झालंय आमचं?"

बायकांनी तोंडाला पदर लावले, पण खेळ सुरू झाला. आज काय रांधलं, म्हैस दूध किती देते, असलंच विचारायच्या. वर्ग सुटला की पुन्हा मुक्या. एकाच गल्लीतून एक पुढं, एक मागं, अशा घरी जायच्या. माणसांचा हट्टही मोठा शिस्तीचा असतो.

मग एके दिवशी फळ्यावर प्रश्न होता, उद्या तुम्ही काय करणार? तो विचारून पद्मावतीनं मला फेकलं. गुणमालानं झेललं आणि घट्ट धरून ठेवलं. मग एकेक इंग्रजी शब्द जुळवत तिनं सांगितलं. उद्या मिरजेला जायचं आहे. पोटात गाठ आहे, ऑपरेशन आहे. घरात हसून वागते, पण मला भीती वाटते.

भीती वाटते, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मराठीत ते तिच्या तोंडून निघालंच नसतं.

पद्मावती उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. मग म्हणाली, "आय कम." वाक्य सुधारायचं बाईंना सुचलं नाही.

गुणमालानं मला सोडलंच नाही, म्हणून मीही मिरजेला गेलो. ऑपरेशनसाठी आत नेताना नर्सनं तिच्या मुठीतून मला काढून पद्मावतीच्या हातात दिलं. बाहेरच्या बाकावर तिनं मला इतकं पिळलं, की माझी शिवण उसवली. मी हूं की चूं केलं नाही.

दार उघडलं तेव्हा गुणमालाचा नवरा, जयपाल, औषधं आणायला गेला होता. गुणमालासोबत कोण आहे, असं नर्सनं विचारलं.

"मी हाय. जाऊ तिची," पद्मावती म्हणाली.

आत ती कॉटजवळ गेली. सवयीनं इंग्रजीच आलं, "हाऊ आर यू?"

गुणमालानं डोळे किलकिले केले. ओठ कोरडे पडले होते.

"पद्मे, आता मराठीत बोल की गं."

कॉटची कड धरून पद्मावती "अक्का" एवढंच म्हणाली. ती रडत राहिली.

सध्या मी गुणमालाच्या उशाशी आहे, उसवलेला, चिंध्या बाहेर आलेला. तिचं दुखणं अजून बरंच बाकी आहे, असं डॉक्टर म्हणतात. वर्गासाठी बाई दुसरा चेंडू शिवतील. तुमच्या घरात कुणाशी अबोला असेल, तर या फाटक्या चेंडूचं एवढं ऐका. आपल्या माणसाला कसं आहेस म्हणून विचारायला परक्या भाषेची वाट बघू नका.