सैल दावं

ठमाबाईनं कापसाचा बोळा तेलात बुडवून चंद्रीच्या डाव्या कानात कोंबला आणि ती उजव्या कानाकडं वळली, तोच म्हशीनं मान झटकून बोळा थेट चरवीत पाडला.

"राहू दे आता," ओट्यावरून तिचा नवरा निवृत्ती म्हणाला. "कानात कापूस, शिंगांना दावं, दाराला गोणपाट. नव्या नवरीला पण कोणी एवढं झाकत नाय."

"तुम्ही विडी ओढा."

"ओढतोच हाय. पण येत्या बाजाराला हिला सिन्नरला विकायला नेणार. मग रडायचं नाय."

ठमाबाईनं चरवीतला बोळा काढून पिळला. माहेराहून रेडकू म्हणून आणलेली चंद्री तिनं हातानं वाढवली होती. पोटचं कोणी नव्हतं, त्यामुळं भांडायचं तेही तिच्याशीच.

त्यांची वाडी देवळालीच्या लष्करी कॅम्पाच्या पाठीमागं. टेकडीवर लाल बावटा चढला की घटकाभरात पलीकडच्या माळावर तोफांचा सराव सुरू व्हायचा. त्या तोफा काही साध्या नव्हत्या. एका दणक्यासरशी भगूरच्या न्हाव्याचा वस्तरा घसरला आणि गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. उरलेल्या अर्धीसाठी दोघं पुढच्या दणक्याची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसून राहिले. खोटं वाटत असेल तर भगूरला जाऊन विचारावं, मिशी अजून तिरकी आहे. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, वैरण मुबलक होती, पण त्या हिवाळ्यात सराव वाढला आणि चंद्री पान्हा चोरू लागली. आधी ती दाव्याला हिसके द्यायची, हंबरायची. हळूहळू तेही थांबलं. आता तोफ झाली की ती नुसती मान खाली घालून उभी राहायची, अंगावरची माशीसुद्धा उडवायची नाही. घमेल्यातली पेंड तशीच.

आणि शेजारी कुसाबाईची भुरी? ती तोफांच्या तालावर दूध द्यायची. भरलेली चरवी वाजत नाही आणि रिकामी गावभर सांगते. कुसाबाई कॅम्पाच्या रस्त्यानं मुकाट चालायची, ठमाबाई खडखड वाजत मागून. रतीबाची घरं एकेक करून कुसाबाईकडं गेली. सुभेदाराचं गेलं, नर्सबाईंचं गेलं. बेकरीवाला तेवढा राहिला होता, आणि त्या दिवशी त्यानंही विचारलं, "त्या कुसाबाई कुठं राहतात हो?"

ठमाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तिनं कुसाबाईला एकदा सरळच विचारलं होतं.

"काय खायला घालतेस गं तिला?"

"तुझी खाती तेच."

"मग ताईत बांधलास कुठं?"

"शेपटाला," कुसाबाई हसून म्हणाली. "बघ उचलून."

बेकरीवाल्यानं विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली तोफ झाली तशी ठमाबाई कुसाबाईच्या गोठ्यामागं गेली आणि कुडाच्या फटीला डोळा लावून बसली. दणका झाला. भुरीनं मान उचलली. तिच्या दाव्याला गाठच नव्हती. नुसता फास आखूड खुंट्यावर अडकवलेला, तो सुटून वर आला. म्हैस दावं ओढत दारापर्यंत गेली, बाहेर पाहिलं, कान हलवले आणि परत येऊन रवंथ करू लागली. दुसऱ्या दणक्याला अर्ध्या वाटेवरूनच वळली. तिसऱ्याला जागची हललीसुद्धा नाही. कुसाबाईनं येऊन फास पुन्हा खुंट्यावर टाकला आणि धारेला बसली.

आपल्या म्हशीचं दावं सैल करावं, हे ठमाबाईच्या मनात आलं नाही. कुसाबाईच्या म्हशीचं आवळावं, हे मात्र तिथंच आलं.

पुढच्या दिवशी बावटा चढला. कुसाबाई विहिरीवर गेलेली. भुरीचं दावं जुनं, गाठ धरणार नाही, म्हणून ठमाबाईनं चंद्रीच्या शिंगांचं नवं दावं सोडलं, पदराखाली नेलं, भुरीच्या गळ्याला घालून खुंट्याशी करकचून बांधलं आणि वर पेंढा सारला. भुरीनं तिचा हात चाटला.

घरी येऊन ती चंद्रीपाशी बसली. आज कापसाची आठवणही झाली नाही. सगळा जीव कान होऊन शेजारी गेला होता. तोफ झाली. शेजारून हिसका ऐकू आला. दुसरी झाली. हंबरडा. ठमाबाईनं ओठ मुडपले. "आता वाजव चरवी," ती पुटपुटली.

मग तिच्या लक्षात आलं, की समोर चंद्री नाही.

चंद्री दारात उभी होती. शिंगांचं दावं गेलेलं; गळ्याचं मुळात नावालाच, खुंट्यावर टाकलेलं, ते निसटलं होतं. तिनं गोणपाट थोबाडानं बाजूला सारलं, टेकडीकडं बराच वेळ पाहिलं. ठमाबाई उठलीसुद्धा नाही. चंद्री आपणहून वळली, जागेवर आली, आणि घमेल्यात तोंड घातलं. सवयीनं ठमाबाईचा हात सडांकडं गेला. धार लागली. फेस चरवीच्या काठाशी आला.

शेजारचं हंबरणं तेवढ्यात थांबलं.

एकदम थांबलं. ते थांबणं ठमाबाईच्या ओळखीचं होतं. तिनं चरवी तशीच खाली ठेवली आणि विळा उचलला.

कुसाबाई गोठ्यात गुडघ्यांवर बसून गाठ दातांनी ओढत होती. ओढून ओढून गाठीचा दगड झाला होता. भुरी मान खाली घालून उभी.

"सर," ठमाबाई म्हणाली.

विळ्यानं दावं दोन ठिकाणी कापलं. भुरी हलली नाही. कुसाबाईनं पुठ्ठ्यावर थाप मारली, तेव्हा ती बाहेर गेली आणि बोरीच्या झाडाखाली जाऊन थांबली. आत यायला तयार नव्हती.

"आज नाय द्यायची ही," कुसाबाई म्हणाली.

"माझी चरवी भरलीय. तुझ्या घरांना घाल."

कुसाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग पेंढ्यातून दाव्याचे तुकडे गोळा केले आणि उसनी आणलेली चाळणी परत करावी तसे पुढं धरले.

"घे. नवं होतं तुझं."

ठमाबाईनं ते घेतले. टेकडीमागं पुन्हा तोफ झाली. बोरीखाली भुरीच्या अंगावर शहारा आला. रतीबाची वेळ झाली होती, बेकरीवाला वाट पाहत असणार. ठमाबाई बोरीपाशी गेली आणि म्हशीपासून चार हातांवर, तिला वाट मोकळी राहील अशी, मातीत बसली.

"ठमे, दूध नासंल तुझं," कुसाबाई दारातून म्हणाली.

"नासू दे," ठमाबाई म्हणाली. "ती आत गेली की जाते मी."