जांभळी कुपी

धाकटी कालपासून एक गोष्ट मनात दाबून होती आणि सांगायची सोय नव्हती. हॉस्पिटलात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करणं हे तिचं काम. काल मध्येच दाबाचा काटा घसरला आणि पुन्हा वर चढला. खरं तर सगळं परत लावायला हवं होतं. पण वरून आरडाओरडा सुरू होता, अपेंडिक्स फुटलेला पेशंट टेबलावर आहे म्हणून. तिने हत्यारं पाठवून दिली. पेशंट म्हणजे आपली थोरली बहीण, हे तिला नंतर कळलं.

आता सगळी भिस्त एका बोटभर कुपीवर. हत्यारांबरोबर यंत्रात ठेवायच्या या कुपीत मुद्दाम जिवाणूंचे बीजाणू घातलेले असतात. नंतर ती दिवसभर उबदार पेटीत ठेवायची. आतला रस जांभळाच राहिला तर बीजाणू मेले. पिवळा झाला तर जगले, आणि हत्यारांवरचेही जगले असणार.

"पण इतक्या वाफेत जगतंच कसं काही?" थोरलीच्या उशाशी बसलेल्या आईने काल रात्री खोदून खोदून तिला बोलतं केलं होतं.

"जिवाणू म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड, आई. आपल्या पेशीत डीएनएला वेगळी खोली असते, केंद्रक. याच्याकडे ती चैन नाही. डीएनएचा धागा मधोमध गुंडाळून पडलेला, आजूबाजूला प्रथिनं बनवणारे रायबोसोम, वर पातळ पटल, बाहेर भिंत. तेवढ्यातच खातो, वाढतो, एकाचे दोन होतो. उपासमार झाली की काही जिवाणू त्या धाग्याची प्रत जाड कवचात बांधून पडून राहतात. वर्षानुवर्षं. ऊब आणि ओल मिळाली की उठतात."

"हिच्या पोटात दोन्ही आहे," आई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना सांग."

"आधी कुपी बघू दे. उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर कशाला?"

थोरलीला घाम सुटला होता. तिच्या कपाळाला हात लावायचंही धाकटीला धाडस झालं नाही.

आज दिवस भरताच आई तिच्या पाठोपाठ खाली यंत्राच्या खोलीत आली. धाकटीने पेटी उघडली. कुपी जांभळीच होती.

"सुटलो गं बाई!" आई रडायला लागली. धाकटीचाही जीव भांड्यात पडला. मग सवयीने तिने शेजारची कुपी उचलली. ही वाफेत न घातलेली. हिच्यातले बीजाणू जिवंतच असतात, म्हणून ही पिवळी व्हायलाच हवी. नाहीतर सगळी परीक्षाच खोटी.

तीही जांभळी होती.

तिने पेटीत हात घातला. पेटी गार पडली होती. कधीपासून, कोण जाणे.

"काय गं? चांगलंच झालं ना?" आई विचारत होती. धाकटी दोन्ही कुप्या घेऊन जिन्याकडे धावली.

डॉक्टर जिन्यातच भेटले. "बरं झालं भेटलात. तुमच्या बहिणीला ताप चढतोय. हत्यारांचं सगळं नीट होतं ना?"

एकच कुपी पुढे केली असती तरी त्यांचं समाधान झालं असतं. धाकटीने दोन्ही त्यांच्या हातात ठेवल्या.

"माहीत नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "दाब घसरला होता. एक अख्खा दिवस मी गप्प बसले, आणि अजूनही मला काहीच माहीत नाही."