आजीने मान हलवली आणि कुलूप लागलं

पाचाचं बटण झिजलेला, कोपऱ्याचा टवका उडालेला जुना मोबाइल म्हणजे मी, मित्रांनो. अजून चालतो बरं का! पण माझ्या पोटात एक कुलूप आहे, आणि ही त्याचीच गोष्ट.

मी दूरच्या कुठल्याशा कारखान्यात तयार झालो. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बल्गेरियातल्या विदिन शहरातलं दुकान. काचेमागे माझ्यापुढे पाटी होती, 'किंमत एक लेव्ह'. एका लेव्हमध्ये धड पाव येत नाही! ती पाटी वाचून शाळेचे गणवेश शिवणारी दोब्रिन्काआजी आत आली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, दोन वर्षं आमचंच सिम वापरायचं, महिन्याचे पैसे भरायचे. फोनला कुलूप असेल. चालेल?"

आजीने मान डावी-उजवीकडे हलवली. आमच्या बल्गेरियात हा होकार. मान वर-खाली केली की नकार. मग फुकट ते पौष्टिक, या हिशेबाने तिने चार पानी करारावर सही ठोकली. एक ओळ वाचली असेल तर शपथ! शेवटच्या पानावर काय होतं ते मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

आता कंपनीची बाजूही सांगतो. मी काही एका लेव्हचा नव्हतो. माझी खरी किंमत कंपनीने आधी भरली होती आणि दोन वर्षांच्या बिलांतून ती थोडी थोडी वसूल होणार होती. गिऱ्हाईक स्वस्तातला फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे पळालं तर? म्हणून करार, आणि म्हणूनच कुलूप. परकं सिम घातलं की मी ते ओळखतच नाही. यात अन्याय आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या पोटात कुलूप, त्याला विचारा.

दोन वर्षं सुखात गेली. आजी मला शिवणयंत्राशेजारी ठेवायची, बाहीने पुसायची. दर रविवारी स्पेनहून तिची मुलगी इवेलिना फोन करायची. असाच एकदा तिचा रडवेला फोन आला.

"आई, बाळंतपणाला तू हवीस. नवरा सारखा ट्रकवर. मी एकटी नाही गं निभावणार."

"वेडाबाई! तुझा हात धरून बसेन, मग तर झालं?"

"मी घर बदललंय. बसमधून उतरलीस की फोन कर, घ्यायला येते."

आजी भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या सहा बरण्या घेऊन निघाली. तेव्हा मला विकत घेऊन अठ्ठावीस महिने झाले होते. विदिनचं सिम परदेशात चालायला आधी अर्ज करावा लागतो, तो तिने केला नव्हता. स्पेनमधल्या सेगोव्हियाला उतरल्यावर तिने तिथलं सिम घेतलं आणि माझ्यात घातलं. मी पडद्यावर लिहिलं, 'हे सिम चालणार नाही'. तेवढंच मला येत होतं.

बसस्थानकाबाहेर आन्सेल्मो नावाच्या म्हाताऱ्याचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मला पाहिलं आणि हवेत किल्ली फिरवून विचारलं, "उघडू का?" आजीने जोरजोरात मान हलवली. डावी-उजवीकडे! त्याच्या लेखी तो नकार. खांदे उडवून त्याने मला परत दिलं.

आजीला वाटलं, झालं काम, आता थोडा वेळ लागत असेल. ती बाकावर बसून राहिली. सिम काढायची, फुंकायची, परत घालायची. इवेलिनाचा नंबर माझ्या आत होता आणि मला तो लावता येत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ती दुकानात जाऊन कडाडली, "काय केलंस रे दिवसभर माझं?"

"अहो बाई, तुम्हीच नको म्हणालात!"

भाषा एकाची दुसऱ्याला कळेना. शेवटी आजीने माझ्यातला नंबर त्याच्यापुढे धरला आणि त्याने आपल्या फोनवरून तो लावला. तिकडे इवेलिनाच्या शेजारणीने उचलला. तीही बल्गेरियाचीच; आजीचा आवाज ऐकताच म्हणाली, "अहो, होतात कुठे तुम्ही? सकाळी कळा सुरू झाल्या. एकटीच दवाखान्यात गेली बिचारी, तुमचा फोन येईल म्हणून आपला मोबाइल माझ्याकडे ठेवून. दुपारी मुलगी झाली."

आजी खाली बसली आणि रडली.

ती मुलगी म्हणजे नेवेना. आता नऊ वर्षांची आहे आणि सुट्टीत विदिनला येते. तिकडे वाढल्यामुळे आजीच्या मानेवर तिचा भरवसा नाही. परवा तिने मला शिवणाच्या डब्यातून बाहेर काढलं.

"आजी, हा चालतो?"

आजीने मान हलवली.

"तोंडाने सांग. हो की नाही?"

"हो गं बाई, हो!"

मित्रांनो, एवढंच शिका. मान हलवण्याआधी विचारा, सही करण्याआधी वाचा. माझं म्हणाल, तर शेवटच्या पानावर काय आहे हे मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

डब्यात माझ्याखाली करार घडी घालून ठेवला होता. नेवेना बल्गेरियन अक्षरं जुळवत वाचायला लागली. पहिली तीन पानं कंटाळून सोडली आणि शेवटच्या पानावर थांबली.

"'चोवीस... महिने... झाल्यावर... ग्राहकाने मागितल्यास... कुलूप फुकट काढून मिळेल.' आजी, सहीची तारीख बघ. माझ्या जन्माच्या वेळी तर अठ्ठावीस झाले होते ना? मग तू मागितलं का नाहीस?"

आजीची मान डावीकडे हलली नाही, उजवीकडे नाही, वर नाही, खाली नाही.