बायकांच्या बाजूचा पडदा

आमच्या गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा तेव्हा पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. पुरुष पुढच्या बाजूला बसत आणि आम्ही बायका मागच्या बाजूला, म्हणून आम्हांला सगळ्या नटांच्या पाठी दिसत.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुरुषांना राजाचा मुकुट दिसे, आम्हांला तो मागून सुतळीने बांधलेला दिसे. नायिका रडायला लागली की पलीकडे नाकं शिंकरल्याचे आवाज येत. आम्हांला तिची वेणी दिसे. वेणी सैल घातलेली असली तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत, "हिला आई न्हाई वाटतं." चेहरा बघून सिनेमा समजतो तसा पाठ बघूनही समजतो.

मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी दोन मित्रांचं चित्र आलं, आणि जत्राभर रोज तेच लागे. त्याचं नाव मला आजही माहीत नाही, कारण नावाची पाठ कोरी होती. दोघे मिळून एक मालमोटार चालवायचे. घाटात अडकायचे, भांडायचे, एका ताटात जेवायचे. शेवटी त्यांतल्या एकाचं लग्न ठरे आणि दोघे मांडवासमोर उभे राहत. पुढून ते नुसते खांद्याला खांदा लावून उभे दिसत असणार. मागून आम्हांला त्यांचे हात दिसत. एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा, पाठीमागे, बोटं एकमेकांत अडकवलेली. सनई सुरू झाली की बोटं एकेक करून सुटत, नवरदेव पुढे जाई आणि दिवे लागत.

तसं हात धरणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कुंभार ओलं मडकं चाकावरून उचलतो तसं होतं ते. सोडलं तर पडेल, आणि दाबलं तर मोडेल. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "किती जपून धरलाय गं." पुरुषांना आम्ही कधी सांगितलं नाही, कारण मागून काय दिसतं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

विचारलं ते एकट्या दिनकरने. दिनकर माझा धाकटा दीर. त्याने आणि त्याच्या मित्राने, महिपतीने, भागीत पिठाची गिरणी घातली होती, आणि दोघे भुवयांपर्यंत पांढरे होऊन हिंडत. जत्रा संपली की दिनकरचं लग्न होतं. शेजारच्या गावची चांगुणा त्याला ठरली होती. मी भाकरी थापत होते तेव्हा तो चुलीपाशी येऊन बसला.

"वहिनी, तुमच्या बाजूनं काय दिसतं?"

"पाठी. तुमच्यापेक्षा बऱ्या. धुतलेल्या."

"थट्टा नको. शेवटी, मांडवात?"

"हात धरल्यात एकमेकांचे."

त्याने भाकरीचे तुकडे केले आणि ते पुन्हा जुळवून ठेवले. "मग?"

"सनई वाजली की सुटतात."

"आधी कोण सोडतं?"

मी इतक्यांदा पाहिलं होतं, पण ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. "उद्या बघून सांगते."

"नको," तो म्हणाला. "आम्हीच बघतो."

दुसऱ्या दिवशी सनई सुरू झाली आणि हात सुटले नाहीत. सनई वाजत राहिली. मी वाकून पाहिलं. डावीकडच्या सदऱ्याला खांद्यावर ठिगळ होतं, आणि ते मीच लावलं होतं, पांढरा दोरा संपला म्हणून हिरव्याने. ती दिनकरची पाठ होती. उजवीकडची महिपतीची.

तंबूवाले हसनशेठ कनात उचलून आमच्या बाजूला आले. नजर खाली ठेवून म्हणाले, "आयांनो, माफी करा. काय अडकलंय ते तेवढं सोडवा. पडद्यावरची नवरी खोळंबलीया."

"तुमच्या बाजूनं सोडवा की," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या बाजूला काय अडकल्यालं दिसंना, आक्का. दोघं झकास उभी हायती. लोक टाळ्या वाजवत्यात, काय दोस्ती म्हणत्यात. पन चित्र फुडं जाईना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी पडद्याच्या अगदी जवळ होते. आत्याबाईंनी पाठ ओळखली होती. त्यांचा आवाज कोरडा झाला. "ऊठ. सोडव. उद्या लगीन हाय त्याचं."

मी उठले. पडद्याला हात लावला. कापड कोमट होतं आणि त्याखाली बोटं लागत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर धरला. ती चांगुणा होती. वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन उतरलं होतं आणि तिच्या कानामागे अजून हळद होती.

"बसा जाऊबाई," ती म्हणाली. "सुटायचा असता तर सुटला असता."

"अगं, तुझं लगीन मोडंल," मी म्हणाले.

"मोडू द्या. दुसऱ्यानं सोडवून दिलेला हात मला नगं."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग हातांकडे, बराच वेळ. मग त्या आपल्या घोंगडीवर सरकल्या आणि जागा करून म्हणाल्या, "मग हितं बस. तिथनं नीट दिसत न्हाई."

चित्र संपलं नाही म्हणून तंबूही उठला नाही. जत्रा पांगली, पाळणे गेले, तंबू राहिला. लोक घरी जाऊन कामं उरकून परत येत. गिरणी मी चालवायला घेतली. चांगुणाने पुढे एसटीच्या एका ड्रायव्हरशी लग्न केलं, आणि सवड मिळाली की ती माझ्याशेजारी येऊन बसे. "मला फसवलं न्हाई त्यांनी," ती म्हणे. "ह्ये काय थोडं झालं?" आत्याबाई गेल्या त्या आठवड्यातही त्यांना उचलून घोंगडीवर आणून बसवावं लागलं. दोघांचे केस मागून पिकत गेले, खांदे उतरले. एकदा दिनकरचं ठिगळ उसवलं, ते मी पडद्यावरूनच शिवलं. बोटं मात्र पहिल्या दिवशी होती तशीच होती, आणि त्यांच्याकडे बघायचा मला कधी कंटाळा आला नाही.

सुरुवातीला आया लग्नाच्या पोरींना मांडवाच्या आधी घरी पाठवत. मग पाठवेनाशा झाल्या. मग सुना तान्ही मुलं घेऊन येऊ लागल्या. एकदा माझी नात केतकी पुण्याहून आली, माझ्याशेजारी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजी, या दोघांचं प्रेम आहे एकमेकांवर."

"मग?" मागून एक म्हातारी म्हणाली. "आमी काय आंधळ्या हाय का?"

बायका हसल्या. हसणं पलीकडे गेलं, आणि पलीकडच्या टाळ्या पहिल्यांदाच थांबल्या.

कनात उचलून पहिले आले ते माझे यजमान. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी आले नव्हते. "जरा सरक," म्हणाले. भावाचा हात त्यांनी पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"पुढनं तर..." ते म्हणाले. पण उठून गेले नाहीत.

त्यांच्यामागून त्यांचे सोबती आले, मग तालमीतले, मग सोसायटीतले. जो बघे तो इथेच बसे. तंबूची ही बाजू मोठी होत नव्हती. माणसं मांडीला मांडी लावून बसली, मग एकमेकांच्या पायांवर, मग उभी राहिली. श्वास घ्यायला पाळीपाळीने छाती फुगवावी लागे. मला पुढे सरकवत सरकवत माझे गुडघे पडद्याला टेकले. सगळ्यांच्या शेवटी काठी टेकत हसनशेठ आले.

"पल्याड आता कुनीच न्हाई," ते म्हणाले.

सनई थांबली.

पुढे तोंड करून उभं राहायला आता समोर कुणी उरलं नव्हतं. दोघांच्या टाचा हलल्या. चांगुणाने माझं मनगट घट्ट धरलं.

"वळताना सुटंल वो," ती कुजबुजली. "जाऊबाई, सुटंल."

ते आधी एकमेकांकडे वळले. दिनकरचा गाल दिसला, सुरकुतलेला, मग महिपतीचा. बोटं एकमेकांत तशीच ठेवून दोघांनी आमच्या दिशेने पाऊल उचललं, आणि पडदा माझ्या गुडघ्यांवर फुगला.