बुडख्यांना पाणी

मागच्या दारापाशी विटा येऊन पडल्या, तेव्हा काकू भांडी घासत होत्या. विटा कशाला आणल्या, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या घरातल्या गोष्टी काकूंना अशाच कळायच्या, दारात येऊन पडल्यावर.

काकूंच्या नवऱ्याला सगळे गड्डेराव म्हणत. पंचवीस वर्षं फ्लॉवर लावत आलेला माणूस, आणि त्यांचा गड्डा चुन्यासारखा पांढरा निघायचा यात काही खोटं नव्हतं. पण फ्लॉवर जमला म्हणजे जगातलं सगळंच जमलं, अशी त्यांची समजूत होऊन बसली होती. कुणाची कंबर धरलेली असो की कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं असो, न विचारता सल्ला द्यायचे आणि मोकळे व्हायचे.

स्वयंपाकघराच्या मागे त्यांना खोली बांधायची होती, क्रेट आणि फवारणीचा पंप ठेवायला. जागा चार पावलं रुंद, दहा पावलं लांब. भाज्या धुतलेलं पाणी तिकडेच वाहायचं, म्हणून माती कायम ओलसर. काकू उभा जन्म नवऱ्याच्या रानात राबल्या होत्या, पण माझं म्हणावं अशी जागा त्यांना तेवढीच. त्यात यंदा लेकीनं पाठवलेल्या बियांपासून ब्रोकोलीची बारा रोपं उभी होती.

"तिथं माझी ब्रोकोली आहे," काकू म्हणाल्या.

"ती होय? तो फ्लॉवरच आहे, आजारी," गड्डेराव म्हणाले.

भांडण दोन दिवस चाललं. शेवटी थंडी संपेपर्यंत चांगले गड्डे निघाले तर जागा काकूंची, नाही तर खोली, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, गड्डेरावांनी ते सलूनमध्ये अर्धा गाल साबणात असताना जाहीर करून टाकलं. घरी आले तेव्हा निम्म्या गावाला कळलेलं होतं आणि काकूंना कळायचं होतं.

रोपं मात्र जोमदार निघाली. काकूंनी मातीची भर दिली, शेणखत घातलं, रोज सकाळी पानं उलटून अळ्या वेचल्या. दीड-दोन महिन्यांत मुठीएवढे गर्द हिरवे गड्डे दिसू लागले. तेवढ्यात लेकीचं ऑपरेशन निघालं आणि काकूंना दहा दिवस तिच्याकडे जावं लागलं. जाताना नवऱ्याला त्यांनी बजावलं, फक्त पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका. पण हात न लावणं हे एक काम गड्डेरावांना कधी जमलं नव्हतं.

झालं असं की, सलूनवाला लिंबं मागायला म्हणून मागच्या दारी आला आणि गड्डे बघून म्हणाला, तुमच्याच घरी फ्लॉवर हिरवा कसा पडला हो? बाकी काही म्हटलं असतं तर चाललं असतं. हे मात्र गड्डेरावांच्या जिव्हारी लागलं. गड्डा पांढरा राहायला त्यावर पानं बांधून ऊन अडवायचं असतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यांनी भर दुपारी सुतळी घेतली आणि बाराही रोपांची पानं गड्ड्यावर ओढून करकचून बांधली. वर भरपूर पाणीही मारलं.

काकू परत आल्या, पिशवी खाली ठेवली आणि आधी मागच्या दारी गेल्या. पहिली सुतळी सोडली. आत गड्डा फिकट पिवळा पडलेला, चिकट झालेला, आणि घाण वास. बाराही तसेच. काकू पाण्याच्या टाकीआड बसून रडल्या, आणि चांगल्या पोटभर रडल्या.

गड्डेरावांना वाईट वाटलं असतं तर ते गड्डेराव कसले. "मी बांधले म्हणून एवढे तरी हाताला लागले," असं म्हणत त्यांनी विळ्यानं सगळे गड्डे छाटले, उकिरड्यावर टाकले आणि बुडखे उपटायला सांगितलं. गवंडी सोमवारी यायचा होता.

काकूंनी लेकीला फोन लावला. ती पलीकडून म्हणाली, "आई, उपटू नकोस. ब्रोकोलीचा मधला गड्डा काढला की पानांच्या बगलेतून लहान गड्डे फुटतात. फ्लॉवरला नाही फुटत, म्हणून बाबांना माहीत नसणार."

काकूंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि थेट सलून गाठलं. आजवर त्या दुकानाच्या पायरीला त्यांचा पाय लागला नव्हता. गड्डेराव खुर्चीत होते.

"थंडी संपायला अजून सहा आठवडे आहेत," काकू म्हणाल्या. "तोवर बुडखे राहू द्या. गड्डे आले नाहीत तर विटा मी स्वतः वाहीन."

दुकान हसलं. सगळ्यात मोठ्यानं गड्डेराव हसले.

"बुडख्याला गड्डे आले तर जागाच काय, गवंडीसुद्धा तुझा."

पुढचे काही आठवडे त्यांची चंगळ होती. आमच्याकडे बुडख्यांना पाणी घालणं चाललंय, उद्या खुर्चीच्या पायालाही घालतील, असं ते भेटेल त्याला सांगत. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि पाणी घालायच्या. आतून त्यांना भीती होतीच, कारण लेकीनं तरी ते बियांच्या पाकिटावरच वाचलेलं. तिसऱ्या आठवड्यात एका बगलेत हिरवा ठिपका दिसला. मग दुसऱ्या, मग सगळ्याच. काकूंनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, अगदी लेकीलाही.

ठरल्या दिवशी गवंडी थापी-ओळंबा घेऊन आला. गंमत बघायला सलूनवाला आणि आणखी पाच-सात जण आले. मागच्या दारी एकेका बुडख्यावर सहा-सहा गड्डे, लहान पण घट्ट आणि हिरवेगार. गड्डेरावांनी वाकून एक गड्डा दाबून बघितला. मग ते सलूनवाल्याकडे वळले.

"यात काय एवढं. शेंडा छाटल्याशिवाय फुटवे येतात होय? म्हणून तर मी छाटले."

सलूनवाल्यानं मान डोलवायला सुरुवातही केली. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. त्यांनी दाराआडचा विळा काढला.

"मग वरच्या रानातला तुमचा फ्लॉवरही छाटून येते. सगळं रान. फुटू देत सहा-सहा."

आणि त्या खरंच निघाल्या. फाटकापर्यंत गड्डेराव हसत होते. बांधापाशी ते धावत पुढे झाले.

"थांब. फ्लॉवरला फुटवे येत नाहीत."

"मग कशाला येतात?"

"ब्रोकोलीला."

"आणि हे तुम्हाला कुणी दाखवलं?"

मागे सगळे उभे होते. पुढे पंचवीस वर्षांत नाव कमावून दिलेलं रान होतं आणि काकूंच्या हातात विळा होता. गड्डेराव घसा खाकरून म्हणाले, "तू."

काकू परतल्या. गवंड्याला त्यांनी विटांचं काम दिलं, वाफ्याभोवती कठडा घालायचं. त्यानं सवयीनं गड्डेरावांकडे बघून विचारलं, मालक, उंची किती ठेवू?

"मला काय विचारतोस?" गड्डेराव म्हणाले. "तिला विचार."